वर केलेला हात

ट्रेमधला दात चांगला होता.

दादाने तो आधी खुर्चीवरच्या दिव्याखाली पाहिला, मग खिडकीपाशी नेऊन पाहिला. उजेड बदलला म्हणून दात काही किडका निघाला नाही. अख्खा, सरळ एका मुळाचा, कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. आणि जो काढायचा होता, सुळ्याच्या लगेच मागचा, आतून पोखरलेला, तो काकूच्या तोंडात जागच्या जागी लोंबत होता. त्याचा मागचा शेजारी तेवढा बिचारा निघून आला होता.

"काय चिवट होता रे!" आप्पा, दादाचे वडील, हातमोजे काढत म्हणाले. कपाळावर घाम, गालांवर लाली. इतके खूश ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. "म्हटलं, मोडतो की काय आता. पण नाही मोडला! मुळासकट आला."

दादाने कापसाचा बोळा काकूच्या दातांखाली ठेवला, "काकू, दाबून धर, बोलू नकोस, आलोच मी," असं भिंतीकडे बघत म्हणाला, ट्रे उचलला आणि आप्पांचा दंड धरून त्यांना मागच्या हत्यारांच्या खोलीत नेलं.

असली चूक दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात झाली नसती. त्याला हेच घर हवं. आप्पांचे हात कापायला लागले, एका डोळ्याला धूसर दिसायला लागलं, तेव्हा दादाने बाहेरचे पेशंट हळूहळू आपल्याकडे वळवून घेतले. पण घरच्यांचे दात? ते आप्पांचे. पोरांच्या दुधाच्या दातांपासून ते व्याह्यांच्या दाढांपर्यंत, रविवारी दवाखाना बंद ठेवून, आप्पांनीच काढायचे. ते त्यांच्याकडून काढून घ्यायची कोणाची छाती होत नव्हती. मग दादाने शक्कल काढली. जागा आपण सुन्न करायची, दात आपणच हलवून हलवून सोडवायचा, इतका की जिभेने ढकलला तरी पडावा. मग हाक मारायची, "आप्पा, तयार आहे!" आप्पा पांढरा कोट घालून येणार, पक्कड लावणार, दात हातात. सगळ्यांनी वा वा म्हणायचं. दादाच्या बायकोची, वहिनीची, अक्कलदाढ अशीच निघाली, आणि तिने तोंडात बोळा असताना टाळ्या वाजवल्या होत्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका आप्पांना ठाऊक नव्हतं, अशी सगळ्यांची समजूत होती.

आज काकूचा दात तयार झाला आणि फाटकाशी हॉर्न वाजला. खारू आली होती. दादाची लेक, लहानपणी पुढचे दोन दात असे बाहेर, की आजोबांनीच नाव पाडलं खारू. आता ती मोठ्या हॉस्पिटलात तोंडाच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेत होती, शेवटचं वर्ष. चार महिन्यांनी पोरगी घरी येते म्हटल्यावर बाप थांबतोय कशाला! दादा तसाच बाहेर धावला. आणि आप्पा हाकेची वाट न बघता आत आले.

हत्यारांच्या खोलीत दादाने ट्रे पुढे धरला.

"आप्पा, हा नव्हता काढायचा."

आप्पांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाला पुसला, परत घातला. दाताकडे पाहिलं. गालांवरची लाली बघता बघता उतरली. दादालाच ते बघवेना. तो वळून उगीचच बेसिनचा नळ सोडून हात धूत राहिला. तेवढ्यात वहिनी आणि तिच्यामागून खारू, खांद्यावर बॅग तशीच, आत आल्या.

"काय झालं? चेहरा का असा?" वहिनीने विचारलं.

दादाने सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की खारूला पुढे सरकावं लागलं. आप्पा मागच्या दाराने कधी बाहेर गेले, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"अगं बाई," वहिनी म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "काकूंना कळलं?"

"नाही. सगळं सुन्न आहे. तिला वाटतंय, झालं काम." दादाने नळ बंद केला. "ऐक. मी सांगतो तिला, दोन्ही खराब होते म्हणून. मागचाही आतून गेलेला होता, बाहेरून दिसत नव्हता. पुढचाही आता काढून टाकतो. विषय संपला."

"विश्वास ठेवतील?"

"काकू ना? ठेवेल."

"बाबा," खारू म्हणाली, "तो दात परत बसवता येतो."

"तुमच्या हॉस्पिटलात येत असेल."

"इथेही येतो. तार आहे, दात भरायचा मसाला आहे, तो घट्ट करायचा निळा लाईट आहे. आणखी काय लागतं? पण लवकर. दात वाळला की मुळावरचा पापुद्रा मरतो, मग तो बसवून उपयोग नाही. जेवढं बोलत बसू तेवढं वाया जातंय."

"आणि काकूने विचारलं, हे काय बसवताय, तर?"

"तर खरं सांगायचं."

"खरं!" दादा खेकसला आणि लगेच पडद्याकडे बघून आवाज दाबला. मधे नुसता पडदाच होता. "आप्पांनी तुझा धडधाकट दात उपटला, असं सांगू? आप्पांच्या देखत? या वयात? आणि काकूला? काका गेल्यापासून ती या घरात आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलावर जन्म काढला तिने. कधी एक शब्द वर केला नाही."

"म्हणूनच तिच्याशी खोटं बोलायला सोपं वाटतंय."

दादाला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. वहिनी म्हणाली, "खारू, बापाशी बोलतेयस तू," पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"आमच्याकडे हत्यार लावायच्या आधी सगळे थांबतात, आई. कोण पेशंट, कुठली बाजू, कुठला दात, मोठ्याने बोलायचं. पेशंटला बोटाने दाखवायला लावायचं. मागच्या सुट्टीत मी म्हटलं होतं, इथेही करू या. बाबा काय म्हणाले आठवतं? 'घरच्या माणसाला विचारू का, बाई, तुमचं नाव काय?' आणि आपण सगळे हसलो."

आपण, असं ती म्हणाली, कारण हसण्यात तीही होती. हॉस्पिटलात तर ती मिरवत असे, माझे आजोबा या वयातही दात काढतात म्हणून. दात आधी हलवून ठेवलेला असतो, हे तिने तिथे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आता बापाला सुनावताना तिला स्वतःचंच तोंड ओशाळं झाल्यासारखं वाटत होतं, आणि म्हणूनच की काय, ती जास्तच तिखट बोलत होती.

"काकूंजवळ कोणीतरी बसा आधी," वहिनी म्हणाली. "मी जाते."

काकू खुर्चीत पाय जुळवून बसली होती, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी. समोरच्या भिंतीवर पाटी होती: दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. अक्षरं काकूच्या नवऱ्याच्या हातची. तो पाट्या रंगवायचा. थोरल्या भावाच्या, म्हणजे आप्पांच्या, दवाखान्यासाठी ही त्याने फुकट रंगवून दिली होती आणि भावाने म्हणे चहासुद्धा पाजला नव्हता, हा घरातला जुना विनोद. आप्पांचं नाव झालं ते मात्र या पाटीमुळे. लांबलांबून लोक यायचे. ते थांबतात हो, म्हणायचे.

वहिनीला बघून काकूने भुवया उंचावल्या. बोळ्यामुळे शब्द फुटके येत होते.

"निघाला ना?"

"हो," वहिनी म्हणाली.

"खारू आली?"

"आली."

"उपाशी असेल पोर. आधी तिला खायला दे. माझं काय, बसलेय मी."

वहिनीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण खाली जावं. दिवसाकाठी ही बाई आपल्याला दहा गोष्टींसाठी हाक मारते, आपण नऊ वेळा 'आले हं' म्हणून जात नाही, आणि आज आलो ते हे असं. ती पुढ्यातलं स्टूल ओढून बसली. काकूचा डावा हात मांडीवर होता आणि उजव्या हाताने ती डावं मनगट चोळत होती. मनगटावर लाल वळ दिसत होते.

"हाताला काय झालं, काकू?"

काकूने बाही खाली ओढली. "काही नाही. खुर्चीचं लागलं असेल."

वहिनी उठली. पडद्याआड येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "मी एकदा खोटं बोलून आले. 'निघाला ना' म्हणाल्या, मी 'हो' म्हटलं. पुन्हा माझ्याने नाही होणार. तुम्हाला बोलायचं असेल तर तुम्ही जा, आणि त्यांच्या डोळ्यांत बघून बोला."

"तू पण?" दादा म्हणाला.

"मी पण."

दादाने दोघींकडे पाहिलं. बायको मघापर्यंत आपल्या बाजूची होती, याचा त्याला आधार होता. तो गेला तसा त्याचा आवाजही गेला. "बरं," तो म्हणाला, "बसवू. आण दात."

पण ट्रे रिकामा होता.

खारूने टेबल पाहिलं, बेसिन पाहिलं, हत्यारं उकळायच्या मशीनचं झाकण उघडून पाहिलं. मग हातमोजे चढवून कचऱ्याच्या डब्यात हात घातला. बोळे, सुया, हातमोजे. दादा तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून रक्ताळलेले बोळे एकेक उलगडून बघायला लागला. काकूचा दात आपण कचऱ्यात शोधतोय, आणि ती पडद्यापलीकडे बसलीय, हे मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने ते खांद्याला पुसले.

"आप्पा कुठे आहेत?" वहिनीने एकदम विचारलं.

आप्पा दवाखान्यातून वर घरात जाणाऱ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. पांढरा कोट अंगात तसाच. मांडीवर एक वाटी, तिच्यावर रुमाल झाकलेला. जिना चढायचं त्यांनी हल्ली सोडलं होतं. जेवण खालीच यायचं. आज ते एकटे वर जाऊन आले होते. अजून धाप लागलेली होती.

"आप्पा, दात?" खारूने विचारलं.

"दुधात आहे." त्यांनी रुमाल उचलला. "मुळाला हात लावलेला नाही. वरूनच धरला होता. एवढं अजून आठवतं मला."

खारू मटकन त्यांच्या शेजारी बसली. "मग आत येऊन सांगायचं ना! आम्ही कचरा उपसतोय तिकडे."

"मागच्या दाराशी आलो होतो. तुमचं चाललेलं ऐकलं. पाय पुढे पडेना, बाळा. लाज वाटली."

दादा पुढे झाला. "आप्पा, चूक माझी आहे. मी दात तयार करून ठेवला आणि..." पुढचं त्याने गिळलं.

"बोल की. तयार करून ठेवलास. मला काय ठाऊक नाही?" आप्पा वाटीकडेच बघत होते. "हा जन्म दात काढण्यात गेला माझा. हलवलेला दात पकडीला लागला की कळत नाही होय? पहिल्याच वेळी कळलं होतं. तू किती मेहनत घेतली होतीस! मला म्हणता नाही आलं, की राहू दे रे बाबा. तुम्ही वा वा करायचात, आणि मी हसायचो. मीच काय तो मोठा नाटकी."

"आज दात हलेना. मला वाटलं, आज याने तयार केलेला नाही. आज माझ्यावर सोडलाय." त्यांनी रुमाल परत वाटीवर नीट पसरला. "इतकं बरं वाटलं मला, की काय सांगू! हातात जोर आला. कुठला दात आहे ते बघायचंसुद्धा भान राहिलं नाही."

दादाने तोंड फिरवलं. बापाचं भलं करतो असं समजून आपण त्याला रोज थोडं थोडं खाली बसवत आणलं, हे त्याला त्या जिन्यापाशी उभं राहून समजलं. माफी कोणाची आणि किती मागायची, तेच त्याला कळेना.

"चल," आप्पा खारूला म्हणाले. "वाटी तू धर. माझ्या हातून सांडेल. आणि सांगायचं मी सांगणार. तुमच्यापैकी कोणी तोंड उघडायचं नाही."

सगळेच आत गेले. काकूने चौघांना एका रांगेत पाहिलं आणि बोळा काढून बशीत ठेवला. एवढी माणसं आपल्यासाठी एकदम येतात म्हणजे बातमी बरी नसणार, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

आप्पा नेहमीसारखे उजव्या बाजूला उभे राहिले नाहीत. वळसा घालून डावीकडे आले.

"मी तुझा चांगला दात काढला," ते म्हणाले. "खराब तसाच आहे. चूक दादाची नाही, माझी आहे. आणि आणखी एक आहे." त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. "तू हात वर केला होतास."

वहिनीच्या डोळ्यांपुढे ते मनगट आलं.

"केला होता," काकू म्हणाली. सुन्न ओठातून शब्द घसरत होते, पण सगळ्यांना कळत होते. "तुम्ही पक्कड लावलीत तेव्हाच कळलं, हा तो हलणारा नाही म्हणून. बोलणार कशी? हात वर केला."

"मी तो दाबून धरला."

"हो." तिने मनगट बाहीत ओढून घेतलं. "मघापासून तेच मनाला समजावत बसलेय. भावजींना दिसत नाही हल्ली. हात दिसला नसेल. चाचपडताना पकडला गेला असेल."

आप्पांनी तिला 'हो, तसंच' म्हणावं, असं दादाला पोटातून वाटलं. एवढ्या एका शब्दाने सगळं झाकलं गेलं असतं. आप्पांनाही ते कळलं असणार.

"दिसला होता," ते म्हणाले.

काकूचा चेहरा हलला. इतका वेळ तिने रडू आवरलं होतं, ते आता आवरेना. "बाहेर बसून किती जणांना सांगितलं मी," ती म्हणाली. "पोरं रडायची, म्हाताऱ्या थरथरायच्या. मी त्यांचा हात हातात घेऊन सांगायची, घाबरू नका, नुसता हात वर करा, ते थांबतात. माझा शब्द होता तो, भावजी. दाताचं काय एवढं."

आप्पांनी मान खाली घातली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात घरात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तो उभा राहून ऐकून घेत होता, आणि त्याची बाजू घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

खारू वाटी घेऊन पुढे झाली. "काकूआजी, दात परत बसवून बघता येईल. टिकेलच असं नाही. नंतर त्याच्या मुळाचं काम करावं लागेल, काही दिवस मऊ खावं लागेल. नको वाटत असेल तर नको. तू म्हणशील तसं. फक्त लवकर सांग, त्याला फार वेळ नाही."

"तू बसवणार?"

"मी."

"आणि हे?"

"मी बाहेर जातो," आप्पा म्हणाले.

"बाहेर नको," काकू म्हणाली. "आहात तिथेच उभे राहा."

खारूने हात धुतले, मोजे घातले, दिवा खाली ओढला. मग पक्कड न उचलता म्हणाली, "थांबा सगळे. ही माझी काकूआजी. वर, उजवी बाजू. सुळ्यालगतचा काढायचा. त्याच्या मागचा परत बसवायचा. काकूआजी, बोटाने दाखव."

काकूने दाखवलं.

"बाबा?"

"बरोबर," दादा म्हणाला. तो या खेपेला हसला नाही.

खराब दात हात लावताच सुटून आला. बोळा चावूनही पडला नाही एवढंच नवल. खारूने मागच्या जागेतली गुठळी पाण्याने हळूहळू धुतली. दात वरच्या टोकाला धरून दुधातून काढला, धुतला आणि जागेवर लावून बोटाने दाबत गेली. तो जरा अडला, मग आत सरकला. "दात मिटून बघ. टोचतंय? नाही ना?" तिने बारीक तार घेतली, पुढे सुळ्याला आणि मागे दाढेला चिकटवायची म्हणून. दादा निळा लाईट धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच लेकीच्या हाताखाली काम करत होता. पुढची बाजू चिकटली. मागची राहिली होती.

तेव्हा काकूचा डावा हात वर गेला.

खारूचे दोन्ही हात तोंडाबाहेर आले. दादाने लाईट बंद केला. वहिनीने ट्रे हातात तसाच धरला. आप्पा एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी आपले हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"दुखतंय का गं?" खारूने विचारलं.

काकूने मान हलवली. नाही. ती खारूकडे बघतही नव्हती. मान किंचित डावीकडे वळवून ती आप्पांकडे बघत होती. बाही कोपरापर्यंत घसरली होती आणि मनगटावरचे वळ उघडे पडले होते. हात दमून थरथरायला लागला, तरी तिने तो खाली घेतला नाही. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी चष्म्याखालून ओघळून कोटावर पडत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यांनी हात सोडवले नाहीत. कोणी हललं नाही. कोणी, झालं झालं, म्हणालं नाही.

मग केव्हातरी काकूने स्वतःच हात खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि पुन्हा तोंड उघडलं.